बाहेरच्या सापांचे सर

देठे सर वर्गात शिरता शिरता मोबाईल बघत आणि हजेरीच्या आधी जाहीर करत, "सात!" मग एक उसासा.

कँटीनचे अन्वरभाई कित्येक महिने समजत होते, सर मटका खेळतात. "सर, आज काय लागला?"

"सातच."

"रोज सातच लावता, मग कसं व्हायचं?"

आकडा वेगळाच होता. जहाजांतल्या सामानातून दूरच्या बेटांवर पोचलेले आणि तिथली पाखरं फस्त करणारे परके साप आवरायचे कसे, यावर सरांनी शोधनिबंध लिहिला होता. आमच्या नेवाशाला ना समुद्र, ना बेट. आमचे साप सगळे इथलेच, सातबाऱ्यावर नाव असल्यासारखे. अशा निबंधाची इंटरनेटवर कुठे कुठे चर्चा झाली, ते मोजून एक वेबसाइट आकडा देते. मे महिन्यात सरांची निवृत्ती होती. "त्याच्या आत दोन आकडी झालं पाहिजे," ते म्हणत. "म्हणजे कुणीतरी वाचलं म्हणायचं. सातातल्या दोन पोस्टी तर माझ्याच आहेत."

मी निबंध व्हॉट्सअ‍ॅपवर दिसेल त्याला पाठवला. "व्हॉट्सअ‍ॅपवरचं त्या आकड्यात धरत नाहीत रे," सर म्हणाले.

मी त्यांच्याच हाताखाली प्रयोगशाळा सहायक. माझा बीएस्सीचा अर्ज त्यांनीच भरला होता. आमच्या घरात अर्ज भरता येणारं कुणी नव्हतं. ते उपकार फेडावेत म्हणून मी एका स्थानिक न्यूज पोर्टलवाल्याला फोन केला. म्हटलं, "बाहेरून आलेले साप कसे घालवायचे, यावर सरांचं संशोधन आहे." त्याला तेवढं पुरलं. मथळा आला, 'बाहेरचं घालवणारे प्राध्यापक!' खाली निबंधाची लिंक.

आमच्याकडे बाहेरचं म्हणजे भूतबाधा. पोस्ट तालुकाभर फिरली. साताचे एकवीस झाले. सरांनी मथळा न वाचताच पेढे वाटले.

तिसऱ्या दिवशी प्रयोगशाळेच्या दारात एक आजी उभ्या. हातात नारळ आणि लिंबं.

"बाहेरचं काढनारे सर तुमीच का? म्हातारा गेल्यापासनं डोळ्याला डोळा न्हाई."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी बरणीतल्या बेडकाकडे.

"आजी, ते बाहेरचं नव्हे. साप बाहेरचे."

"मंग सापाचं सांगा. यष्टीला पाऊन तास हाय."

सरांनी सांगितलं. बेट, जहाज, झाडावर चढून अंडी खाणारे साप, त्यांना धरायचे सापळे. आजी हनुवटीला हात लावून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "व्हय, पर पाखरं माघारी आली का?"

सरांनी चष्मा काढला. "हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं," ते म्हणाले. "थोडी आली आजी. सगळी नाही."

मग माझ्याकडे वळले. "त्या पोर्टलवाल्याला बातमी काढायला लाव. लोक दवाखाना सोडून इथं येतील."

"सर, आकडा पडेल. मे तोंडावर आलाय."

"पडू दे."

आजी उठू लागल्या. सरांनी स्टूल त्यांच्याजवळ ओढलं. त्यांच्या तोंडून आजींसारखी भाषा मी पहिल्यांदाच ऐकली.

"बसा, आजी. ती यष्टी जाऊ द्या, दुसरी हाय. तुमचं मालक कसं हुतं, ते सांगा. मलाबी घरी जायाची घाई न्हाई."