‘येतो’ या शब्दाबाबत

त्या दिवशी सकाळी घरात विशेष काही घडलं नाही. कोर्टाच्या लघुलेखकाच्या घराबाबत असं विधान करायचं म्हणजे जबाबदारीचं काम आहे, कारण त्या घरात बोललेलं काहीच हवेत विरत नसे. चहा पिताना आत्या शेजारणीबद्दल काहीबाही बोलली. मग ‘‘मी असं म्हणालेच नाही’’ असं म्हणाली. लघुलेखकांनी लगेच तिचं वाक्य तिच्याच शब्दांत आणि तिच्याच सुरात, मधल्या उसाशासकट, तिला परत केलं.

‘‘दादा, तू भाऊ आहेस की टेपरेकॉर्डर?’’

‘‘टेपरेकॉर्डर बरा. त्याला बहीण नसते.’’

मुलगी टेबलाशी मुद्रितं तपासत बसली होती. बापलेकींचा धंदा एकच, शब्दांचा. फरक इतकाच, की बापाने शब्द बदलला तर बोलणी बसत आणि मुलीने नाही बदलला तर.

बूट घालून लघुलेखक दारात उभे राहिले. ‘‘येतो गं.’’

मुलीने मान हलवली.

‘‘मान नोंदीत येत नाही. तोंडाने बोल.’’

हे वाक्य ते कोर्टात साक्षीदारांना ऐकवत आणि घरी मुलीला. ती दप्तर पाठीला लावायची तेव्हापासून ऐकवत होते. तिने पान उलटलं. ते गेले. म्हणजे त्या वेळी फक्त कामावर गेले.

लघुलेखकांचा लौकिक असा होता, की त्यांनी घेतलेल्या नोंदीत कानामात्रेचा फरक सापडत नसे. साक्षीदार खोकला की कंसात खोकला येई, वकील गडबडला की तीनदा म्हटलेलं ‘म्हणजे’ तीनदा येई. एकदा न्यायाधीश वैतागून पुटपुटले, ‘‘हा वकील आहे की बुजगावणं?’’ मग भानावर येऊन म्हणाले, ‘‘ते खोडा.’’ संध्याकाळी प्रत आली तेव्हा तीत बुजगावणं होतं आणि खाली ‘ते खोडा’ हेही होतं. साहेबांनी विचारलं तर उत्तर आलं, ‘‘आपण दोन्ही बोललात, साहेब.’’ तेव्हापासून त्या दालनात सगळे जरा जपूनच बोलत. न्यायाच्या दृष्टीने हा केवढा फायदा!

त्या संध्याकाळी साहेब म्हणाले, ‘‘आज इथंच थांबू.’’ लघुलेखकांनी पेन्सिली गोळा केल्या आणि सवयीने म्हणाले, ‘‘येतो.’’ पण साहेब अजून आसनावर होते. आसनावर साहेब असताना दालनात उच्चारलेला प्रत्येक शब्द नोंदवावा, असा नियम आहे. त्यांनी पेन्सिल पुन्हा काढली, स्वतःचा शब्द स्वतःच टिपला आणि निघाले. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर त्यांचं हृदय थांबलं.

पुढचे दिवस घर माणसांनी भरलं. ‘‘फार वाईट झालं,’’ कुणी म्हणे. मुलगी मान हलवी. ‘‘काही लागलं तर सांग हं’’, मान हलवी. ‘‘रडून घे एकदा,’’ आत्या म्हणाली. त्यालाही तिने मान हलवली. जन्मभर पुस्तकं वाचलेली मुलगी. दुःखाबद्दल लोकांनी काय काय म्हणून ठेवलंय ते तिला पाठ होतं. त्यातलं एकही वाक्य आपल्या तोंडी शोभणार नाही, हेही तिला ठाऊक होतं.

मग नोटीस आली.

‘लघुलेखक यांनी भर न्यायालयात “येतो” असे सांगून परत येण्याची हमी दिली असून, सदर हमीची अद्याप पूर्तता केलेली नाही. सबब त्यांच्याविरुद्ध न्यायालयाच्या अवमानाची कारवाई का करू नये, याचा खुलासा त्यांनी, व ते न आल्यास त्यांच्या मुलीने, समक्ष हजर राहून करावा.’

मुलीने आधी सवयीने त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका शोधल्या. एकही नव्हती. मग मात्र ती घाबरली.

अभिलेख विभागातल्या अभिलेखपालांनी तिला बसायला स्टूल दिलं. मृत्यूचा दाखला उलटसुलट पाहून परत केला.

‘‘दाखला चोख आहे, ताई. पण तो बाहेरचा. आमच्या नोंदीप्रमाणे ते येतायत.’’

‘‘अहो, ते गेले.’’

‘‘कुठे?’’

‘‘गेले म्हणजे... आम्हाला सोडून गेले.’’

‘‘कुटुंबाचा त्याग. ते कलम वेगळं, त्याचा मजला वरचा. तुम्ही इथलं बोला.’’

‘‘माणूस निघताना ‘येतो’ म्हणतो. तुम्ही नाही म्हणत?’’

‘‘रोज म्हणतो. आणि रोज जातो परत, म्हणून तर नोकरी टिकली.’’ अभिलेखपाल पुढे झुकले. ‘‘हे बघा, ‘येतो’ म्हणजे ‘जातो’ असं तुम्ही इथे सिद्ध केलंत ना, तर उद्या जामिनावरचा प्रत्येक आरोपी ‘येतो’ म्हणेल आणि पसार होईल. वर विचारलं तर सांगेल, मी जातोच म्हणालो होतो. न्यायव्यवस्थेचं काय?’’

‘‘मग नोंद दुरुस्त करा.’’

‘‘करू की. आनंदाने करू. फक्त लघुलिपीतली दुरुस्ती ज्याने नोंद घेतली त्यानेच करावी, असा नियम आहे. ते आले की पाठवा.’’

‘‘ते आले, तर दुरुस्तीची गरजच काय?’’

‘‘तेच तर मी मघापासून सांगतोय!’’ अभिलेखपाल प्रसन्न होऊन म्हणाले.

दरम्यान कोर्टाने आपल्या परीने मार्ग काढलेला होता. लघुलेखक हजर नव्हते, पण येतो म्हणून गेल्यामुळे गैरहजरही नव्हते. हजेरीपटात त्यांच्यापुढे ‘वाटेवर’ असा नवा शेरा पडत होता. त्यांची खुर्ची रिकामी ठेवण्यात आली होती. नवी लघुलेखिका शेजारी स्टुलावर अवघडून बसे. खुर्चीवरचा पंखा मात्र रोज सकाळी नेमाने सुरू होई.

निघताना अभिलेखपालांनी आवाज खाली आणला. ‘‘एक सोपी वाट आहे. तुमचे वडील आपले स्नेही, म्हणून सांगतो. उद्या दालनात एवढंच म्हणा, की ते ‘जातो’ म्हणाले आणि लिहिताना चूक होऊन ‘येतो’ पडलं. लघुलेखकाची चूक. प्रकरण तिथल्या तिथे निकाली.’’

‘‘त्यांची चूक?’’

‘‘गेलेल्या माणसाला काय फरक पडतो?’’

‘‘आता गेले म्हणालात,’’ मुलगी म्हणाली.

‘‘ते नोंदीत नाही,’’ अभिलेखपाल म्हणाले.

घरी आत्याने ऐकलं आणि कपाळावर हात मारला. ‘‘अगं, म्हणून टाक चूक झाली म्हणून! अवमान केला म्हणून भावाचं नाव फलकावर लागण्यापेक्षा ते बरं.’’ मग बऱ्याच वेळाने, भांडं पुसता पुसता, स्वतःशीच म्हणाली, ‘‘पण मेल्याने चूक केली नाही गं कधी. मी शेजारणीबद्दल तसं म्हणाले होतेच.’’

दुसऱ्या दिवशी दालन भरलेलं होतं. हमी मोडणारा मृत माणूस रोज पाहायला मिळत नाही. साहेबांनी नोटीस वाचली आणि चष्म्यावरून पाहिलं.

‘‘आपले वडील ‘येतो’ म्हणाले होते, की लिहिण्यात चूक झाली?’’

रिकाम्या खुर्चीवर पंखा फिरत होता. अभिलेखपाल मागून डोळ्यांनी ‘चूक, चूक’ असं सुचवत होते.

‘‘ते ‘येतो’ म्हणाले,’’ मुलगी म्हणाली. ‘‘आणि लिहिलंय ते बरोबर आहे.’’

दालनात कुजबूज झाली. लघुलेखिकेने ‘(कुजबूज)’ असं टिपलं.

‘‘म्हणजे हमी दिली, हे आपल्याला मान्य आहे.’’

‘‘नाही, साहेब. ‘येतो’ ही हमी नसते. ते अर्धं वाक्य असतं. मागे राहणाऱ्याने ‘या’ म्हणायचं असतं. ते म्हटलं, की वाक्य पुरं होतं आणि माणूस निघू शकतो.’’

साहेबांनी प्रत मागवली. ‘येतो’ या शब्दाखाली कोरी जागा होती. त्या संध्याकाळी दालनात बरीच मंडळी होती. सगळी आपापल्या पिशव्या आवरत होती.

‘‘इथे कुणी ‘या’ म्हटल्याचं दिसत नाही,’’ साहेब म्हणाले. त्या मंडळीत तेही होते, याचा त्यांनी उल्लेख केला नाही. ‘‘सबब, विधान अपूर्ण. अपूर्ण विधानावरून अवमान ठरत नाही, तसंच अपूर्ण विधान निकालीही काढता येत नाही. उत्तर नोंदीत आलं, तर मात्र ते आजच जाऊ शकतात. आपल्याला उत्तर द्यायचं आहे?’’

म्हणजे एका शब्दाचा प्रश्न होता. तो म्हटला, की हजेरीपटातला ‘वाटेवर’ संपणार, खुर्चीवर दुसरं कुणी बसणार, पंखा त्या दुसऱ्या माणसासाठी फिरणार. मुलगी पंख्याकडे पाहत राहिली. साहेबांनी पुन्हा विचारलं, ‘‘त्या दिवशी सकाळी घरून निघाले, तेव्हा तरी कुणी म्हटलं होतं का?’’

तिने नकारार्थी मान हलवली.

स्टुलावरच्या लघुलेखिकेची पेन्सिल थांबली. तिला कामावर लागून फार दिवस झाले नव्हते, पण रिकाम्या खुर्चीने तिला एवढं शिकवलेलं होतं. ती हळूच म्हणाली, ‘‘ताई, मान नोंदीत येत नाही. तोंडाने बोला.’’

साहेब टेबलावरच्या कागदांकडे पाहू लागले, वकील बुटांकडे, अभिलेखपाल छताकडे. त्या दिवशी सकाळी त्यांच्यापैकी प्रत्येकाच्या घरातून कुणीतरी ‘येतो’ किंवा ‘येते’ म्हणून बाहेर पडलेलं होतं आणि प्रत्येकाने नुसती मान हलवलेली होती. हे वाचणाऱ्यांपैकी कुणी या ठिकाणी मान हलवली असल्यास ती नोंदीत आलेली नाही, हे संबंधितांच्या निदर्शनास आणून देण्यात येत आहे.

मुलगी रिकाम्या खुर्चीकडे वळली. तिने पदराने नाही, हाताने नाही, कशानेच डोळे पुसले नाहीत. लघुलेखिकेला नीट ऐकू जावं एवढ्या स्पष्ट आवाजात ती म्हणाली,

‘‘या, बाबा.’’