वुरोची दुपारची झोप

"एक मांजर अडवायचं म्हणजे काय डोंगर हलवायचाय?" वोर्कूंनी मिशीवरून हात फिरवला. "अगं, उभा जन्म रस्ते खात्यात काढला मी! दरड कोसळली की घाटात ट्रकच्या ट्रक एका हाताने थांबवायचो!"

"ट्रक फळीखालून अंग चोरून आत शिरत नाहीत," त्यांची बायको अल्गानेश म्हणाली आणि पिठाचं भांडं घेऊन आत गेली.

दब्रे मार्कोस गावातल्या त्या घरात वुरोला येऊन आठवडाही झाला नव्हता. मुलगी त्सिगेनं हौसेनं आणलेलं ते इवलंसं मांजर, आणि वेड कशाचं? तर स्वयंपाकघराचं! तिथं चुलीवर इंजेराची धिरडी भाजायचा परातीएवढा तवा, खाली रसरशीत निखारे. कालच बाईसाहेब एका बाजूच्या मिशा होरपळून आल्या होत्या. आणि आज तर तवा दुपारभर तापणार होता, कारण बिनियामच्या घरची वडील मंडळी त्सिगेला मागणी घालायला यायची होती.

आता मागणीची रीत अशी, की आलेल्यांनी होकार मिळेपर्यंत बसायचं नाही आणि मुलीच्या बापानं पहिल्या खेपेला होकार द्यायचा नाही. वोर्कूंना त्यांच्या सासऱ्यांनी चारदा परत पाठवलं होतं. ते त्यांच्या मनात अजून सलत होतं.

"मी पाचदा पाठवणार!"

"बाबा, बिनियामची बदली पार लांब जिजिगाला झालीय," त्सिगे म्हणाली. "तो गेला की वर्षभर सुटी नाही. पाच खेपा कधी होणार आणि लग्न कधी होणार?"

"थांबेल की! माझी मुलगी काय वाटेवर पडलीय?"

त्सिगे डोळे पुसत आत गेली. बाप दोन पावलं तिच्यामागे गेला, मग थांबला. पण शब्द म्हणजे शब्द!

मग त्यांनी कामाला हात घातला. स्वयंपाकघराच्या दारात फळी आडवी ठोकली, फटीत उशी कोंबली आणि उंबरठ्यावर मूठभर लाल मसाला पसरला. वुरो आली, मसाला हुंगला, शिंकली आणि पुन्हा फळीकडे निघाली. आत अल्गानेशला मात्र असा ठसका लागला की विचारू नका!

"अहो, मांजर अडवताय की मला मारताय?"

शेवटी वोर्कू फळीसमोर खुर्ची टाकून स्वतःच पहाऱ्याला बसले. ऊद जळत होता. त्याचा धूर पडद्यातून आलेल्या उन्हात आळसावून तरंगत होता. तव्यावर पीठ पडलं की आतून चर्र आवाज यायचा आणि पुन्हा सारं शांत. वोर्कूंचे डोळे जड झाले. स्वप्नात त्यांना घाट दिसला. ढगांतून एक पांढरा ट्रक तरंगत येत होता, वुरो तो चालवत होती आणि हॉर्नऐवजी गुरगुरत होती. त्यांनी हात वर केला. ट्रक त्यांच्या अंगातून धुक्यासारखा आरपार गेला!

दार वाजलं. वोर्कू दचकून उठले. वुरो गायब!

दारात पांढऱ्याशुभ्र जाड गाबी चादरी पांघरलेले तीन वृद्ध उभे होते. सगळ्यांत पुढे शिफेराव, पायघोळ गाबीत नुसतं डोकं दिसणारे.

"या, या! आणि एक विनंती," वोर्कू कुजबुजले. "घरात मांजर आहे. कुठं झोपलेलं दिसलं तर कृपा करून उठवू नका. उठलं की सरळ तापल्या तव्यावर!"

तिघांनी गंभीरपणे माना डोलावल्या आणि रीतीप्रमाणे बैठकीत उभे राहिले. शिफेरावांनी गोड शब्दांत मागणी घातली. वोर्कू पडद्यामागे, कपाटाखाली नजर फिरवत ऐकत होते. मग त्यांनी छाती फुगवली.

"आत्ता सांगता येणार नाही. महिन्यानं या."

आता मान लववून परत जायचं. पण शिफेराव हलेनात! धुरात डोळे अर्धवट मिटून जागच्या जागी उभे.

"बरं, दोन आठवड्यांनी," वोर्कू म्हणाले.

म्हातारा ढिम्म.

"रविवारी?"

बाकीचे दोघे दाराकडे वळले होते, तेही गोंधळून परत येऊन उभे राहिले. वोर्कूंना घाम फुटला. केवढा हा हट्ट! हा माणूस पोरीसाठी पहाटेपर्यंत उभा राहील! दारामागून त्सिगेचा हुंदका ऐकू आला आणि वोर्कूंचं काळीज पाणी पाणी झालं.

"दिली! दिली मुलगी! बसा आता, देवाशपथ!"

आत अल्गानेशनं हर्षानं किलकारी दिली. दोघे वृद्ध टेकले. शिफेराव उभेच!

"आता काय राहिलं?" वोर्कू रडकुंडीला आले.

"माफ करा हं," शिफेराव हळूच म्हणाले. "रीत मलाही ठाऊक आहे. पहिल्याच शब्दाला निघणार होतो. पण तुम्हीच बजावलं होतं ना?" त्यांनी गाबीचा काठ अलगद उचलला. त्यांच्या दोन्ही बुटांवर आडवी पसरून वुरो गाढ झोपली होती.

वोर्कूंनी वाकून नीट पाहिलं.

"शब्द... परत घेता येतो का हो?" वोर्कूंनी चाचरत विचारलं.

"येतो की! आधी हिला उठवा, म्हणजे आम्ही जातो."

वोर्कूंनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. उशी बाजूला पडली होती. आत तवा चर्र वाजला. दारात त्सिगे श्वास रोखून उभी होती. वोर्कूंनी स्वतःची खुर्ची उचलली आणि पावलांचा आवाज न करता शिफेरावांच्या मागे सरकवली.

"बसा," ते पुटपुटले. "पण पाय हलवू नका."