देशकरकाकांची हार्ड डिस्क

देशकरकाकांच्या घरी गाणं चालू असताना चहाचा फुरका मारायला बंदी आहे. कुणी मारलाच, तर काका गाणं थांबवतात, त्याच्याकडे बघतात आणि पुन्हा पहिल्यापासून लावतात. एकदा त्यांच्या व्याह्यांना सर्दी झाली होती. त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी मिळून फक्त आलाप ऐकला.

काका मूळचे नागपूरचे. भोपाळच्या कारखान्यात आयुष्य काढलं, निवृत्तीनंतरही तिथल्याच पिपलानी वसाहतीत राहिले. ते आमचे शेजारी. त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये दुर्मिळ मैफिलींचा खजिना होता आणि तो सगळ्या कॉलनीला तोंडपाठ होता, कारण काका तो ऐकवण्यापेक्षा सांगत जास्त. कुठलंही यंत्र फेकायचं नाही, हा दुसरा नियम. बंद पडलेले मोबाइल पोळ्यांच्या डब्यात ठेवलेले असतात. पोळ्या कुठे ठेवायच्या, हा काकूंचा प्रश्न.

"बंद नाहीत ते," काका म्हणतात. "रिटायर आहेत."

मागच्या उन्हाळ्यात वीज गेली, आली, पुन्हा गेली, पुन्हा आली. थोड्या वेळानं काका बनियनवरच माझ्या दारात उभे. मी एम. पी. नगरातल्या एका ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळतो, हे त्यांना ठाऊक होतं.

"सगळं गेलं बाप्पा," ते म्हणाले.

खरंच गेलं होतं. कॉम्प्युटरमधली डिस्क पार मेली होती. एखाद्या मोबाइलमध्ये कॉपी असेल म्हणून मग पोळ्यांचा डबा उघडला. एका मोबाइलची बॅटरी पुरीसारखी फुगलेली, दुसऱ्याला कुठलाच चार्जर बसेना. काका एकेक उचलून माझ्या हातात देत होते आणि मी मान हलवली की खाली बघत होते.

शेवटी काकूंना माळ्यावर एक जुनी हार्ड डिस्क सापडली, टॉवेलात गुंडाळलेली. माझ्या लॅपटॉपला जोडली. आतून टिक टिक, मग खर्र असा आवाज आला आणि पडद्यावर फोल्डर उमटले.

"काका, ही कधीही बंद पडेल," मी म्हणालो. "सगळं निघेल असं वाटत नाही. आधी काय काढू?"

काका फोल्डरांची नावं वाचू लागले. मी आपला 'मैफिली'वर गेलो. त्यांनी माझं मनगट धरलं.

"ते नको. खालचं."

खाली लिहिलं होतं, 'जेवणाची सुट्टी'.

कॉपी सुरू झाली. डिस्क हलेल म्हणून काकांनी पंखा बंद केला. स्वयंपाकघरात काकूंनी मिक्सरला हात लावताच ते ओरडले, "कुमुद, हात काढ!" घाम माझ्या चष्म्यावर टपकत होता. पडद्यावरची कॉपीची पट्टी अर्ध्यावर अडकली. टिक टिक वाढली. काकांनी टेबलाची कड घट्ट धरली. मग पट्टी सरकली, पुन्हा थांबली, आणि पूर्ण झाली.

मी लगेच 'मैफिली' कॉपीला लावलं. डिस्कनं एक लांब खर्र केलं आणि ती गप्प झाली. पुन्हा पुन्हा जोडून पाहिली. काही नाही.

"काका, मैफिली..."

"जाऊ दे," ते म्हणाले. "हे लाव."

लावलं. मागे यंत्रांची घरघर, डब्याच्या झाकणावर ठेका आणि एक पुरुषी आवाज, मल्याळी वळणाचं हिंदी गाणं सुराला धक्के देत गाणारा. मग चारपाच जणांचं हसणं.

"हा कुट्टन. कारखान्यात माझ्या बेंचवरचा," काका म्हणाले. "झाकण अनीसभाई वाजवतायत. ते आता नाहीत. बाकीचे आपापल्या गावी गेले. मैफिली काय, दुसऱ्या कुणाकडे तरी असतील. हे कुणाकडे असणार?"

त्यांनी फोन लावला आणि काही न बोलता स्पीकरपाशी धरला. थोड्या वेळानं केरळातून प्रश्न आला, "ये कौन गधा गा रहा है?"

"तू गा रहा है, कुट्टन."

मग फोनमधून एक म्हातारा, घोगरा आवाज हळूहळू पुढची ओळ गाऊ लागला.

काकांनी हात लांब करून लॅपटॉपचा आवाज बंद केला आणि फोन कानाला लावला.