आश्रुबा सरांचा झोपेचा तास

आमच्या लॉजच्या पाच नंबरच्या खोलीत रोज दुपारी एक गृहस्थ चपला काढून गादीवर आडवे होतात, जबडा दुखेल एवढी मोठी जांभई देतात आणि समोर उभ्या असलेल्या तिघांना विचारतात, "मी काय करतोय? इंग्रजीत सांगा. वाक्य पुरं करा." हे आश्रुबा सर. लॉज माझं, गादी माझी आणि ते तिघंही माझ्याच पगारावर. पण त्या तासापुरता मी दारात उभा राहणारा माणूस असतो.

सरांनी चकलांब्याच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलं आणि निवृत्तीनंतर मांजरसुंब्याला घर घेतलं. त्यांच्या आणि माझ्या घरात एकच भिंत आहे. जगातल्या प्रत्येक बोलण्याचे चार प्रकार असतात, विधानार्थी, प्रश्नार्थी, आज्ञार्थी आणि उद्गारार्थी, यावर त्यांची ठाम श्रद्धा. भाजीवाली ओरडली की हे ओट्यावरून "उद्गारार्थी" म्हणून नोंद करणार. लॉजच्या खालीच माझा धाबा आहे, तिथं कुणी नुसतं "चहा" म्हणालं, तर शेजारच्या टेबलावरून आवाज येतो, "चहा काय? सांडला? वाक्य पुरं करा." एकदा मतं मागायला आलेले एक पुढारी तासभर बोलले. व्यासपीठावरून खाली उतरल्यावर सरांनी त्यांना सांगितलं की एवढ्या भाषणात विधान एकच होतं आणि तेही अर्धं राहिलं. साहेबांना ते कौतुक वाटलं, हे आमचं नशीब.

या माणसाला सांभाळलं ते त्यांच्या बायकोनं, शकुंतलाकाकूंनी. रोज रात्री भिंतीपलीकडून त्यांचा आवाज यायचा, "झोपा आता. लई झालं." त्यावर सरांचं उत्तर, "आज्ञार्थी." मग दिव्याचं बटण बंद केल्याचा आवाज. आमच्या घरात त्यावरच निजायची वेळ ठरायची.

काकू गेल्या तेव्हा त्यांच्या बहिणीनं हंबरडा फोडला, "काहून गेलीस गं बाई आमाला सोडून?" तिच्याजवळ उभे असलेले सर हळूच म्हणाले, "प्रश्नार्थी." काकूंच्या माहेरच्यांनी ते आजवर माफ केलेलं नाही. मी शेजारीच होतो. मलाही त्या दिवशी हा माणूस दगडाचा वाटला.

त्यानंतर सरांची झोप गेली ती गेलीच. बीडच्या डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या, तळपायाला तेल चोळून झालं, जायफळ घातलेलं दूध झालं. पुण्याहून मुलानं, म्हणजे सतीशनं, फोनवर वाहत्या नदीचा आवाज पाठवला. त्या आवाजानं झोप आली नाही, फक्त सारखं लघवीला उठावं लागलं, असं सरांनी त्याला कळवलं. शेवटी सतीशनं बजावलं की असंच चालणार असेल तर उन्हाळ्यात मी येतो आणि तुम्हाला कायमचं पुण्याला नेतो. सरांना जायचं नव्हतं. "तिथं मी बोलू कुणाशी? लिफ्टशी?" असं ते मला विचारायचे. पण डोळ्यांखालची काळी वर्तुळं काही लपत नव्हती.

झोपेचा तास सुरू झाला तो याच सुमाराला. कपिलधारच्या दर्शनाला येणारे परमुलखातले भाविक आमच्याकडे उतरतात. बहुतेकांशी हिंदीत भागतं. पण एका पाहुण्याला हिंदीही येत नव्हती, जे काय ते इंग्रजीत, आणि त्याला उशी हवी होती. त्यानं दोन्ही हात कानाखाली धरून मान कलती करून दाखवली. चादरी बदलणाऱ्या आमच्या शोभाबाईंनी ते पाहिलं, धावत जाऊन बाम आणला आणि त्याला काही कळायच्या आत कपाळाला चोळलासुद्धा. सर तेव्हा खाली चहा घेत होते. दुसऱ्या दिवशी ते खडू घेऊन हजर झाले. उशी, चादर, डुलकी, जांभई, घोरणं, आणि या सगळ्यांची चारही प्रकारची वाक्यं, असा त्यांनी अभ्यासक्रम ठरवला. फी विचारली तर मला म्हणाले, "गादी चांगली ठेवा."

मॅनेजर बाळू आणि वॉचमन गफूरमामा बरे शिकले. शोभाबाईंचं गाडं मात्र आज्ञार्थीच्या पुढं हलेना. त्यांचं माहेर मेंढपाळांचं. अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं, त्यामुळे आवाज या डोंगरावरून त्या डोंगरावर जाणारा. सरांनी सांगितलं, पाहुण्याला विचारा, विनंती करा, निदान साधं विधान तरी करा. त्या म्हणाल्या, "मेंढरांना कुनी इचारतं का सर, बसता का म्हनून? बस म्हनलं की बसत्यात."

एकदा कर्नाटकातला एक व्यापारी थकून खोलीत शिरला. शोभाबाईंनी चादर अंथरली, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाल्या, "लाय डाउन. क्लोज युवर आइज. स्लीप." तो बिचारा बुटासकट आडवा झाला. जाताना त्यानं मला हिंदीत सांगितलं की लग्न झाल्यापासून इतकं गाढ कधी झोपलो नव्हतो. मी हे सरांना सांगितलं. ते म्हणाले, "परिणाम चांगला आहे, पण मार्क देता येत नाहीत."

एप्रिल उजाडला. सतीश रविवारी दुपारी गाडी घेऊन येणार, हे ठरलं. सरांची बॅग भरून ओट्यावर ठेवलेली मी सकाळीच पाहिली होती. तरी ते नेहमीच्या वेळेला पाच नंबरमध्ये आले आणि म्हणाले, आज शेवटची उजळणी. गादीवर बसून ते एकेकाला विचारू लागले. बाळूनं प्रश्न केला, "सर, आर यू स्लीपी?" सरांनी पूर्ण वाक्यात उत्तर दिलं की नाही, मला झोप आलेली नाही. ते उत्तर खरंच होतं.

मग शोभाबाईंची पाळी आली. त्या सरांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. बाहेर गेल्या आणि आपली घोंगडी घेऊन आल्या. माझी पांढरीशुभ्र चादर ओढून बाजूला फेकली आणि गादीवर घोंगडी अंथरली.

"लाय डाउन."

सर आडवे झाले. तास होता ना.

"क्लोज युवर आइज."

सरांनी डोळे मिटले. तिसऱ्या वाक्याला शोभाबाईंनी इंग्रजी सोडली. आवाजही खाली आणला.

"झोपा आता, सर. लई झालं."

भिंतीपलीकडचं काकूंचं ते बोलणं शोभाबाईंनी कधी ऐकलेलं नव्हतं. सर मिटल्या डोळ्यांनी म्हणाले, "आज्ञार्थी." पुढच्या वाक्याची वाट बघत ते तसेच पडून राहिले. मग त्यांचा हात गादीवरून घसरून खाली लोंबला आणि थोड्या वेळानं घोरणं सुरू झालं. बाळू सवयीनं ते इंग्रजीत सांगायला गेला. शोभाबाईंनी असे डोळे वटारले की वाक्य त्याच्या तोंडातच राहिलं.

आम्ही बाहेर आलो. तेवढ्यात, घरी बाबा दिसले नाहीत म्हणून, सतीशची गाडी लॉजखाली येऊन लागली. तो "बाबा, आवरलं का?" म्हणत जिना चढू लागला. शोभाबाई वरच्या पायरीवर आडव्या उभ्या राहिल्या. हा पुण्याचा साहेब, याला मराठी चालते की नाही कुणास ठाऊक, असं त्यांना वाटलं असावं. बोट ओठांवर ठेवून त्या हळू आवाजात म्हणाल्या, "सर इज स्लीपिंग."

सतीश थांबला. आतून घोरणं ऐकू येत होतं. त्यानं बूट काढून हातात घेतले आणि तो तिथंच पायरीवर बसला. मी चहा नेऊन ठेवला, तो तसाच गार झाला. दिवेलागणीला सर उठले, तेव्हा बॅगेचा विषय त्यानं काढला नाही. रात्री जेवून तो एकटाच परत गेला.

घोंगडी आता पाच नंबरमध्येच असते आणि ती खोली दुपारी मी कुणाला देत नाही. तासाच्या शेवटी शोभाबाई कमरेवर हात ठेवून आपल्या तीन आज्ञा सोडतात. जिन्यावरचं त्यांचं ते वाक्य सरांना आम्ही सांगितलेलं नाही. इतके तास घेतले, पण बाई, तुम्हाला एक साधं विधान काही आलं नाही, असं सर रोज त्यांना म्हणतात. आणि डोळे मिटतात.