पाठीनं चढणारी मोटार

साठी उलटलेल्या माणसानं काय करावं, याचा सल्ला गावात सगळेच फुकट देतात. कोणी म्हणतं पोथी लावा, कोणी म्हणतं नातवंडं खेळवा. मी मोटार घेतली!

सन चौपन्नमध्ये शेती थोरल्याच्या हाती दिली आणि कारंज्याच्या एका कापसाच्या जिनाच्या मॅनेजरनं काढून टाकलेली, पंचवीस सालची उघडी मोटार घरी आणली. वर कापडाचा टप, चाकांना लाकडी आऱ्या, आणि चालू करायला पुढून दांडा फिरवायचा. त्या दांड्यानं पहिल्याच दिवशी माझं मनगट सुजवलं, पण हौसेला मोल नसतं. मग आमचे दौरे सुरू झाले. एका रविवारी कारंज्याला जाऊन स्टेशनावर रेल्वे पाहून आलो, दुसऱ्या रविवारी धनजपर्यंत जाऊन नुसताच चहा पिऊन आलो. मागच्या सीटवर आमची गोजराबाई, मांडीवर फिरकीच्या झाकणाचा तांब्या, हातात छत्री. वाऱ्यानं माझं धोतर फुगायचं आणि मी त्याहून जास्त फुगायचो. काही कामधाम नसताना रस्त्यानं जाण्यात एवढं सुख असतं, हे मला एकसष्टाव्या वर्षी कळलं.

मोटार शिकवायला मॅनेजरचा जुना ड्रायव्हर किसनसिंग आठ दिवस येत होता. जाताना म्हणाला, "मालक, एक ध्यानात ठेवा. पेट्रोलची टाकी तुमच्या सीटखाली, इंजन पुढं. खडा चढ आला का पेट्रोल मागं राह्यते अन् इंजन उपाशी मरते. मंग मोटार फिरवाची अन् पाठीनं चढवाची."

मी मान डोलावली. न ऐकलेल्या गोष्टीला मी नेहमीच जोरात मान डोलावतो.

आता खरी गोष्ट सांगतो. आमची लेक कस्तुरा सहा कोसांवर, पोहरादेवीच्या वाटेवरच्या एका टेकाडावरच्या गावात दिली आहे. तिचे सासरे पुंजाजी, म्हणजे माझे व्याही. गेल्याच्या आधीच्या दिवाळीला ते आमच्याकडं पंगतीला बसले आणि वाटीतल्या पातळ वरणात बोट फिरवून म्हणाले, "रामराव, वरनात दाय सापडून नाही राह्यली."

मी म्हणालो, "दाय शोधाले डोये लागतात."

पुंजाजी भरल्या ताटावरून उठले. मी थांबवलं नाही. तेव्हापासून लेकीचं माहेर तुटलं. पहिलं बाळंतपणसुद्धा त्यांनी तिकडंच केलं. नात तीन महिन्यांची झाली होती आणि मी तिचं तोंड पाहिलं नव्हतं. रीतीनं मुलीच्या बापानंच नमतं घ्यायचं. पण माझी मान वाकत नव्हती, आणि गोजराबाई रोज वांगी चिरता चिरता डोळे पुसत होती.

म्हणून मी डाव रचला. पोहरादेवीच्या दर्शनाला निघायचं आणि वाटेत सहज पुंजाजींच्या गावात शिरायचं. मोटार बघायला गाव लोटेल, त्यात पुंजाजी येतील. ते आधी बोलले की मी बोलेन.

"अन् नाही आले तं?" गोजराबाईनं विचारलं.

"मोटार पाह्याले कोन येत नाही?"

"लेकीले पाह्याचं तं सरळ जा ना. मोटार कायले दाखोता?"

बायकांना राजकारण कळत नाही, असं मी म्हणालो. मनात म्हणालो.

माघाचं ऊन होतं. सहा कोस मोटार शहाण्यासारखी पळाली. टेकाडाचा चढ लागला आणि अर्ध्यावर ती खोकली, हुंदका दिला आणि गप्प झाली. दोनदा दांडा मारला, दोनदा तेच. तेव्हा कुठं मला किसनसिंग आठवला. उतारावर ढकलत खाली नाल्याशी आणली, तोंड फिरवलं, आणि उलट्या गिअरात पाठीनं चढवायला लागलो. काय चढली म्हणता! मला मागचं काही दिसत नव्हतं, म्हणून गोजराबाई सीटवर गुडघे टेकून मागं पाहत वाट सांगत होती.

"डावीकडं घ्या."

"कोनाच्या डावीकडं?"

"माह्या! नाही, तुमच्या! अवो, बाभूय आली!"

इकडं वर काय चाललं होतं, ते मला नंतर कळलं. जानराव नावाचा त्यांचा गडी खळ्यावर तीन पायांच्या उंच तिव्यावर उभा राहून ज्वारी उफणत होता. त्याला धुळीत मोटार दिसली. मोटारीचं बूड गावाकडं आणि तोंड उताराकडं! तो टोपलं टाकून ओसरीवर धावला. पुंजाजी दुपारचे आडवे झाले होते.

"मालक, ईवाई येऊन गेले! तुमी झोपले होते. परत चालले पाहा!"

व्याही दारातून पाणी न पिता गेला, ही त्या घराला जन्माची नामुष्की. पुंजाजी उठले ते तसेच, उघड्या डोक्यानं आणि अनवाणी, उतारावरून धावत सुटले. मागं जानराव, त्यामागं निम्मं गाव.

मोटार पाठीनं वर येताना पाहून त्यांना वाटलं, हाक ऐकून मी मागं घेतली. त्यांनी मोटारीचा टप धरला. मी ब्रेक दाबला.

"रामराव, असे उपाशी नका जाऊ बापा," पुंजाजींना धाप लागली होती. "डोया लागला होता माहा. दिवाळीची गोठबी मनात नका ठेवू. चूक माही होती." आणि त्यांनी हात जोडले.

मुलाच्या बापानं मुलीच्या बापाला हात जोडावे, तेही भर रस्त्यात! त्या क्षणी खरं सांगायला फक्त जीभ उचलायची होती. मी ती उचलली, आणि भलतंच बोललो. "जाऊ द्या पुंजाजी. निघालोच होतो, पन तुमी येवढं म्हनता तं थांबतो."

गोजराबाईनं माझ्याकडं असं पाहिलं की पेट्रोलनं पेट घ्यावा. ती मोटारीतून उतरूनच गेली.

"मंग फिरवा मोटार," पुंजाजी म्हणाले.

"फिरवतो कायले? अशीच मागच्या मागं आनतो."

"पाठ करून घरात येता? म्हनजे राग गेला नाही तुमचा."

गावानं माना हलवल्या. आता काय सांगणार? फिरवली. मोटारीनं टेकाडाकडं तोंड केलं, दोन हात चढली, खोकली आणि मेली. मग हळूच मागं सरकायला लागली. मी ब्रेकवर उभा राहिलो, पण तो ब्रेक माझ्याच वयाचा होता. एक हात स्टिअरिंगवर, दुसरा हात वर करून मी ओरडत होतो, "मोठा दगड घाला चाकाखाली!" धावत्या मोटारीतलं कोणाला ऐकू जाणार?

"आता तं राम राम करून चालले," वरून जानरावचा आवाज आला.

मोटार नाल्यातल्या रेतीत रुतून थांबली. मी टेकाड पायी चढलो. वर पोचेपर्यंत गोजराबाईनं सगळं सांगून टाकलं होतं. पुंजाजी वाटेकडेच्या धोंड्यावर बसले होते. कोणी हसत नव्हतं, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"म्हनजे तुमी चालले नोहते?"

"नाही."

"येऊन राह्यले होते?"

"हो."

"कायले?"

डोक्यात पोहरादेवीचं दर्शन तयार होतं. पण चढानं दम काढला होता आणि खोटं बोलायलाही थोडा श्वास लागतो. "नात पाह्याले," मी म्हणालो. "लेक पाह्याले. माह्या घरातून तुमी भरल्या ताटावरून उठले अन् मी थांबोलं नाही. चूक माही होती पुंजाजी. वर्षभर झोप नाही मले."

मी हात जोडले. माझे डोळे भरून आले होते. ती धूळ होती, असं म्हणायची सोय होती, पण म्हणालो नाही.

पुंजाजींनी माझे जोडलेले हात खाली केले. मग म्हणाले, "येवढं तवाच बोलले असते तं मोटार घ्या लागली नसती ना बापा."

तेवढ्यात कस्तुरा नातीला घेऊन आली आणि तिनं ती माझ्या हातात दिली. माझा धुळीनं माखलेला अवतार पाहून पोरीनं असा सूर लावला की पुंजाजींना ती घ्यावी लागली. त्यांच्या खांद्यावर लगेच गप्प.

दुसऱ्या दिवशी लेकीला माहेरी पाठवायचं ठरलं. अट एकच, नात त्या मोटारीत बसणार नाही. तिच्यासाठी पुंजाजींनी छकडा जुंपला. कस्तुरा बसली, आणि गोजराबाईही न विचारता तांब्या घेऊन छकड्यात चढली. बैलांनी रेतीतून ओढून काढलेली मोटार घेऊन मी एकटा मागं. दर कोसाला इंजन तापायचं, मी पाणी घालायचो आणि पुन्हा गाठायचो.

वाटेत एकानं विचारलं, "रामराव, मोटार पुढं काहून नाही काढत?"

"बैल बुजतात," मी म्हणालो.

बैल काही बुजणारे नव्हते. आजीच्या खांद्यावरून नातीचं तोंड माझ्याकडं होतं. पुढं गेलो असतो तर ते दिसलं नसतं. सहा कोस ती माझ्याकडंच पाहत होती. गोजराबाई म्हणते, पोरगी सगळी वाट झोपली होती. पण आजीची तर माझ्याकडं पाठ होती, तिला काय माहीत?