साठावी गादी

गाद्यांच्या कारखान्याच्या मालकांचा एकाच माणसावर पूर्ण विश्वास होता, तो म्हणजे स्वतःवर. कारखान्यात चौदा माणसं होती आणि चौदाही जणांचं मुख्य काम मालकांना विचारणं हे होतं. झाडू कुठला आणायचा, दोरा किती घट्ट ओढायचा, खिडकी किती उघडायची, सगळं मालक ठरवत. एक मॅनेजरही नेमलेला होता. बाकीचे तेरा जण काय विचारतायत ते नीट ऐकून घेऊन तो मालकांना विचारायला जाई.

मालकांची बायको इस्पितळात मुख्य परिचारिका होती. "अहो, माझ्या वॉर्डात चाळीस पेशंट आहेत," ती म्हणाली. "प्रत्येकाला मीच इंजेक्शन द्यायचं म्हटलं, तर शेवटच्याची पाळी येईपर्यंत तो घरी गेलेला असेल. नाहीतर वर. कामं वाटून द्या. आणि आधी कुठलं, मागून कुठलं, तेही ठरवा."

"अगं, तेच तर करतोय. यादी केलीय मी."

यादी खरोखरच केली होती. तिच्यात एकतीस कामं होती. महत्त्वाप्रमाणे क्रमांक घालताना मालकांनी एकोणतीस कामांपुढे 'एक' लिहिलं आणि उरलेल्या दोन कामांना वाईट वाटू नये म्हणून 'एक-अ' आणि 'एक-ब' दिलं. पैकी एक काम त्यांनी मन घट्ट करून वाटूनही टाकलं. ऑफिसातल्या कुंडीला पाणी घालणं त्यांनी मॅनेजरकडे सोपवलं, सोबत दोन पानी सूचना दिल्या आणि तो घालतो की नाही या काळजीने रोज स्वतःही घातलं. झाड आठवड्यात कुजलं. "बघितलंस? दुसऱ्यावर सोपवलं की असं होतं," मालक बायकोला म्हणाले.

सगळ्यात मोठं काम होतं तपासणीचं. फार पूर्वी एका गिऱ्हाइकाला गादीत राहिलेली सुई टोचली होती. गिऱ्हाईक ते विसरलं, मालक विसरले नाहीत. तेव्हापासून प्रत्येक गादीवर ते स्वतः झोपून बघत: डाव्या कुशीवर, उजव्या कुशीवर, मग पाठीवर. त्यानंतरच चिठ्ठीवर त्यांची ऐसपैस सही होई. तपासणीच्या खोलीबाहेर त्यांच्याच अक्षरातली पाटी होती: 'तपासणी चालू आहे. आग लागली तरी दार वाजवू नये.'

या वेळची ऑर्डर मुलींच्या वसतिगृहाची होती. साठ गाद्या, शुक्रवारी चारच्या आत, एकही कमी चालणार नाही. पसंत पडल्या तर पुढची पाच वर्षं काम त्यांचंच. नाही पडल्या तर कारखान्याला कुलूप लावायचं तेवढं काम उरलं असतं, आणि तेही मालकांनी स्वतःच केलं असतं.

गाद्या बुधवारीच शिवून तयार होत्या. पण मालक ट्रकला बांधायच्या दोरीचा रंग ठरवण्यात गुंतले होते. सलग चार दिवस जेमतेम डोळा लागला होता. शुक्रवारी दुपारपर्यंत सदतीस गाद्या कशाबशा झाल्या. अडतिसाव्या गादीवर मालक डाव्या कुशीवर झाले, उजव्या कुशीवर झाले, पाठीवर आले आणि तिथेच राहिले.

एक वाजता शिलाईखात्यातल्या काकूंनी दाराला कान लावला. "घोरतायत," त्या म्हणाल्या.

"तपासणीचा भाग असेल," मॅनेजर म्हणाला.

"अहो, पाऊण तास झाला! ट्रक दोनला सुटायला हवा. उठवा की त्यांना."

मॅनेजरने पाटीकडे बोट दाखवलं. "आग लागली तरी, असं लिहिलंय. इथं तर आगही नाही."

काकूंनी अकरा वर्षं या गाद्या शिवल्या होत्या. त्यांनी पदर खोचला आणि उरलेल्या बावीस गाद्या ओळीने तपासल्या. कोपराने दाबायचं, कडेवरून बोट फिरवायचं, पुढे सरकायचं. अर्ध्या तासात काम संपलं.

"पण सही साहेबांची लागते," मॅनेजरचा चेहरा रडवेला झाला.

"चिठ्ठीवर 'तपासणाऱ्याची सही' असं छापलंय. तपासलं कोणी?" असं म्हणून काकूंनी बावीस चिठ्ठ्यांवर स्वतःची बारीक सही ठोकली.

एकोणसाठ झाल्या. आता राहिली साठावी गादी, म्हणजे तीच अडतिसावी, आणि ती मालकांच्या खाली होती. शेवटी काकूंनी दार ढकललं आणि मालकांना गदागदा हलवलं. "मला दाखवल्याशिवाय पाठवायचं नाही," मालक झोपेतच बरळले आणि कुशीवर वळले.

"बघा, डावी कूस," मॅनेजर कुजबुजला. "चालूच आहे तपासणी."

बाहेर ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला. मॅनेजरला दरदरून घाम फुटला. विचारायचं कोणाला? विचारायचा माणूस समोर तोंड उघडं टाकून पडला होता. मग मॅनेजरने आयुष्यातला पहिला निर्णय घेतला. "उचला," तो म्हणाला. "गादीसकट."

सहा जणांनी मालकांना ट्रकमध्ये सगळ्यात वर ठेवलं आणि ठरलेल्या रंगाच्या दोरीने हलकेच बांधलं. मॅनेजर आणि काकू पुढे ट्रकवाल्याशेजारी बसले. वाटेत मालकीणबाईंचा फोन आला. "हे फोन का उचलत नाहीत?" "मॅडम, साहेब मालाबरोबर आहेत," मॅनेजर म्हणाला, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

वसतिगृहाच्या रेक्टरबाई घड्याळ बघत फाटकातच उभ्या होत्या. गेल्या वर्षी एक खाट डुगडुगली म्हणून त्यांनी सगळ्या खाटा परत पाठवल्या होत्या. साठावी गादी खाली उतरली तशी त्यांची भुवई वर चढली.

"हे काय?"

"शेवटच्या गादीची तपासणी चालू आहे, बाई," मॅनेजर म्हणाला.

रेक्टरबाईंनी फाटकालगतच्या भिंतीवरची घंटा वाजवली. तीन मजले दणाणले. मालकांनी उशी समजून मॅनेजरचा हात गालाखाली घेतला.

"तीस वर्षं ही घंटा वाजवतेय," रेक्टरबाई हळू आवाजात म्हणाल्या. "हिला न उठलेला माणूस पहिल्यांदाच बघतेय." मग त्यांनी दहा गाद्या बाजूला काढून उलटसुलट तपासल्या. नऊ चोख निघाल्या, त्यांतल्या बऱ्याच काकूंच्या सहीच्या. दहावीची शिवण वीतभर उसवलेली होती. ती सदतिसावी होती आणि तिच्या चिठ्ठीवरची ऐसपैस सही घसरत चिठ्ठीबाहेर गेली होती.

मॅनेजर घाईघाईने ती चिठ्ठी हाताने झाकू लागला. काकूंनी मात्र पिशवीतून सुई काढली, तिथेच जमिनीवर बसून शिवण घातली आणि सुई मोजून पिशवीत परत टाकली. रेक्टरबाई ते बघत राहिल्या. मग त्यांनी करार मागवला, सही केली आणि खाली एक ओळ वाढवली.

तेवढ्यात मालकांना जाग आली. "मला न विचारता गाद्या कोणी हलवल्या?" ते ओरडले.

"हळू," रेक्टरबाई म्हणाल्या. "हे वसतिगृह आहे." आणि करार त्यांच्या हातात दिला. शेवटची ओळ अशी होती: तपासणी यापुढे काकूच करतील. मालकांनी फक्त झोपून दाखवावं.

मालक दोन दिवस ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिले. पण करार पाच वर्षांचा होता. तिसऱ्या दिवशी त्यांनी यादी काढली आणि एकतीसच्या एकतीस कामं वाटून टाकली. घंटेची गोष्ट चार ठिकाणी पोचली होती आणि गाद्या घेणारे आता 'ते झोपणारे मालक' बघायला मागत होते. बायको खूश झाली. मालक वेळेवर जेवू लागले, वेळेवर झोपू लागले, रंगाने उजळले.

महिन्याभराने एका इस्पितळाचे लोक गाद्या बघायला आले. तपासणीच्या खोलीत मालक मोठ्या थाटात गादीवर आडवे झाले. डाव्या कुशीवर, उजव्या कुशीवर, पाठीवर. डोळे टक्क उघडे. माणूस पुरेसा झोपलेला असला की भर दुपारी झोप येणार कुठून? पाहुणे घड्याळं बघू लागले.

"मॅनेजर," मालक शेवटी हताशपणे म्हणाले, "हे पण तूच कर."

एकतीस कामांची देखरेख आणि रोजचे निर्णय अंगावर पडलेला मॅनेजर गादीला पाठ टेकायच्या आत घोरू लागला. पाहुण्यांनी माना डोलावल्या. मालकांना राहवेना. ते वाकून म्हणाले, "अरे, जरा डाव्या कुशीवर…"

काकूंनी त्यांना दंडाला धरून खोलीबाहेर आणलं, त्यांच्याच अक्षरातल्या पाटीकडे बोट दाखवलं आणि परत आत जाऊन दार लावून घेतलं.