कूर्मोपंत मास्तर आपली पोकळी बघायला जातात

एका जंगलात, मुलांनो, एक शाळा होती आणि त्या शाळेत माकडांच्या पिल्लांना झाडावर चढायला शिकवण्यासाठी एक कासव नेमलं होतं. हसू नका. नेमणूक रीतसर झाली होती.

कूर्मोपंत मास्तर जन्मात कधी झाडावर चढले नव्हते. पण चढण्याच्या व्याख्या त्यांना तोंडपाठ होत्या. पिल्लं मांडी घालून त्या घोकायची. वर्गात कोणी फांदीकडे पाहिलं, तर मास्तर त्याला अंगठे धरून उभं करायचे. शाळा सुटली की पिल्लं आपली आपण झाडावर चढायची आणि श्रेय मास्तरांना मिळायचं.

यथाकाल मास्तर निवृत्त झाले. निरोपसमारंभात शाल त्यांच्या पाठीवरून घसरतच राहिली. मुख्याध्यापक कोल्हे म्हणाले, की मास्तरांच्या जाण्याने निर्माण झालेली पोकळी कधीच भरून निघणार नाही. असं सगळ्यांच्याच बाबतीत म्हणतात. मास्तरांना मात्र ते खरं वाटलं.

पोकळी दुपारच्या सुट्टीआधीच भरली. चिंगी नावाची एक तरुण खार त्यांच्या जागी आली.

इकडे मास्तर घरी बसले. कासवाचं आयुष्य केवढं मोठं असतं, तुम्हाला ठाऊक आहेच. निवृत्तीही तेवढीच लांब. मास्तरीणबाईंनी धसका घेतला, तो काही उगाच नाही. मास्तर त्यांना भाजी चिरण्याची व्याख्या विचारू लागले. मीठ कमी पडलं, तर चूक दहादा लिहून आणायला सांगू लागले. एका सकाळी तर उंबऱ्यात उभं राहून त्यांनी हजेरीच घेतली.

बाई शांतपणे म्हणाल्या, "मी हजर आहे हो. इतकी वर्षं गैरहजर तुम्ही होतात."

मास्तरांना ते लागलं. त्यांनी मान कवचात ओढून घेतली आणि दोन दिवस बाहेर काढली नाही. आत अंधार होता आणि नमस्कार करायला कोणी नव्हतं.

मग ते आपली पोकळी बघायला शाळेत गेले. वर्ग रिकामा होता. पिल्लं झाडावर होती. शेंड्यावरून चिंगी त्यांना हाका मारत होती आणि सगळी तिच्याकडे धावत होती. मास्तरांना क्षणभर लाज वाटली. पण मुरलेल्या मास्तरांच्या लाजेची तक्रार व्हायला वेळ लागत नाही.

ते तडक दरबारात गेले. म्हणाले, "महाराज, शाळेच्या वेळात मुलं झाडावर चढतात."

सिंहमहाराजांना स्वतःला झाडावर चढता येत नव्हतं, त्यामुळे प्रकरणाचं गांभीर्य त्यांना लगेच कळलं. वृक्षारोहण सुधार समिती नेमली गेली. अध्यक्षपद अर्थातच मास्तरांना मिळालं. चिंगीची बदली तळ्यावर झाली, बेडकांना पोहायला शिकवायला. पिल्लं पुन्हा मांडी घालून बसली.

मास्तरांची भूक सुधारली. ते सकाळी जे घराबाहेर पडत, ते दिवेलागणीलाच परतत. मास्तरीणबाईंनी आळीभर साखर वाटली.

तात्पर्य: निवृत्त मास्तरांना कधीही रिकामं बसू देऊ नये. एखादी पिढी वाया गेली तर दुसरी जन्माला येते. घरची शांतता तशी जन्माला येत नाही.